लिमिटरवाले भाऊ

तेलगावच्या फाट्यावर चहा पिताना, शेजारून गेलेल्या गाडीतल्या गाण्यावर कुणी "लई दाबलंय याला" असा शेरा मारला, तर ओळखावं, हे लिमिटरवाले भाऊ. प्रत्येक मोठ्या गावात आता असा एक असतो. दिवसा ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, रात्री मागच्या खोलीत स्टुडिओ. या खोलीत भिंतीला लागून कापसाची बाचकी रचलेली असतात. "भाव वाढू द्या, मग विकू," असं भाऊ घरी सांगतात. भाव वाढला तरी ते विकणार नाहीत, कारण कापूस गेला की खोली घुमते.

भाऊंचं गाणं एकच. मावशीनं गायलेली गौळण, साथीला पखवाज आणि टाळ. रेकॉर्डिंग एका दुपारीत उरकलं. राहिलंय ते मास्टरिंग. म्हणजे गाणं तयार आहे, फक्त आवाज दाबायला कंप्रेसर कोणता आणि शिखरं छाटायला लिमिटर कोणता, एवढंच ठरायचंय. घर बांधून झालं आणि कडी-कोयंड्यावरून वास्तुशांत अडली, तसा हा प्रकार.

भाऊंचा अभ्यास मात्र पक्का. १९६७ सालचा ११७६ कंप्रेसर चपळ, टाळाचा ठोका जागेवर धरतो. एलए-टू-ए आतल्या दिव्याच्या उजेडावर चालतो, म्हणून संथ आणि गळ्याला मऊ. या दोन्ही यंत्रांच्या सॉफ्टवेअर नकला त्यांच्याकडे आहेत. कोटेलनिकोव्ह हा कंप्रेसर फुकट मिळतो, लाउडमॅक्स हा लिमिटरही फुकट. प्रो-एल टू हा लिमिटर चाचणीपुरता घेतलाय. मुदत संपायच्या आत गाणं संपवायचं होतं, पण आधी मुदत संपली.

"यूट्यूब उणे १४ एलयूएफएस एवढ्या आवाजाच्या वरचं गाणं स्वतःच खाली आणतं," हे भाऊ दुकानात आलेल्या माणसाला जातीचा दाखला काढता काढता समजावतात. म्हणजे उगीच आवाज चढवण्यात अर्थ नाही. हे सांगून घरी जातात आणि गाणं उणे ७ वर नेऊन ठेवतात, कारण शेजारच्या गावातल्या डीजेचं तेवढंच आहे. यूट्यूब ते सात डीबी खाली ओढतं. आवाज जातो, चपटेपणा तेवढा राहतो.

एकदा त्यांनी कंप्रेसरचा रेशो आठास एक केला आणि झालेली पडझड गेन वाढवून भरून काढली. मोठा आवाज दबला, बारीक आवाज वर आला. मावशीनं ओळ संपवून श्वास घेतला की मागून पंखा गरगरत पुढं यायचा, मग बांगड्या, मग स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. टाळ वाजला की मावशीचा आवाज बुडी मारायचा आणि क्षणानं पुन्हा वर यायचा. रिलीज, म्हणजे दाब सोडणं, हळू ठेवल्याचा हा प्रताप.

मावशी ऐकायला बसल्या. "मी पाण्यात बसून गायलेव का रं?"

"मावशी, तुम्ही माइकपुढं सारख्या हलता. लेव्हल खालीवर होते."

"वरची पट्टी आली की मागं सरकावं लागतंय की. सप्त्यात एकाच भोंग्यावर धा जणी गायच्या, नाही सरकलं तर कान फुटतेत."

भाऊंनी फाइल उघडून पाहिलं. खरंच, मूळ रेकॉर्डिंगमध्ये वरच्या सुराचे डोंगर आपोआप बसके होते. जे काम भाऊ रात्र रात्र माउसनं करत होते, ते बाईनं कंबरेतून करून टाकलं होतं. वर लिमिटरनं दोन डीबी छाटले असते आणि शिखर उणे १ वर थांबवलं असतं तरी गाणं सुटलं असतं. भाऊंनाही ते पटलं. त्यांनी मान डोलावली, आणि तो प्रोजेक्ट 'मावशी फायनल नवीन २' या नावानं सेव्ह करून ठेवला.

मग गळीत हंगाम लागला. सोळंके कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एका ड्रायव्हरनं भाऊंकडून पेनड्राइव्हवर गौळण नेली आणि ट्रॅक्टरवरच्या दोन बॉक्समधून पूर्ण आवाजात लावली. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझेचना, पखवाज फाटला. भाऊ मागं पळाले, "अरे, क्लिप होतंय! कमी कर!" ड्रायव्हरला वाटलं, ऊस सांडतोय. त्यानं गाडी थांबवून दोरखंड तपासला.

भाऊ घरी परतले ते नव्या उमेदीनं. दोष गाण्यात नव्हता, ट्रॅक्टरसाठी वेगळं मास्टर लागतं. आता मोबाइलचं एक, वरातीच्या टेम्पोचं एक, ट्रॅक्टरचं एक. आणि प्रत्येकाला लिमिटर वेगळा.

कापूस अजून विकायचा नाहीच.