राक्षसभुवन, ओसरीवर

आमच्या महागाव तालुक्यात पूस नदी हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. दोन-दोन नद्या जवळ असताना मी गोदावरी घरात आणली, तीही बायकोच्या निळ्या साडीची. ओसरीवर राक्षसभुवनची लढाई मांडायची होती.

माझं सैन्य तुरीचे तीस दाणे, भाच्याचं सोयाबीनचे तीस. हत्ती म्हणून तान्ह्या पोळ्याचे दोन लाकडी बैल. माधवराव पेशवा अर्थात मी. लढाईच्या वेळी त्यांचं वय अठरा, माझं अठ्ठेचाळीस. एवढा फरक चालायचाच. भाचा निजाम. नियमही मीच केले. गोदावरीला पूर आहे, तेव्हा फाशावर जेवढे ठिपके तेवढेच दाणे पाण्यापार. मिनिटाच्या आत फासा टाकला नाही तर पाळी गेली.

जिंकणं नक्कीच होतं. 10 ऑगस्ट 1763 ला निजामाचं निम्मं सैन्य पलीकडे गेलं, निम्मं दिवाण विठ्ठल सुंदरबरोबर अलीकडे अडकलं आणि पेशव्यांनी तिथंच झडप घातली. मलाही तेवढंच करायचं होतं.

पण आधी भाच्याला थोडं सांगावं म्हटलं. 1824 मध्ये प्रशियाच्या रायस्वित्झनं लष्करी अधिकाऱ्यांसाठी असाच खेळ काढला. 1913 मध्ये एच. जी. वेल्सनं घरात खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर पुस्तकच लिहिलं. मग राघोबादादा वेढ्यात सापडले आणि पुतण्यानं त्यांना सोडवलं, तो प्रसंग मी हातवारे करून सांगितला. रंगलाही छान.

“मामा, नऊ पाऱ्या गेल्या ना जी तुमच्या.”

“मी बोलत होतो!”

“बोलल्यानं घड्याळ थांबते का?”

निजाम अख्खाच्या अख्खा पलीकडे पोचला होता. अलीकडे विठ्ठल सुंदर सोडाच, सोयाबीनचं टरफलही नव्हतं.

“अरे, अर्ध्यात थांबायचं होतं!”

“काऊन?”

याला उत्तर नव्हतं. मी चिडून फासा टाकत गेलो. सोळा तुरी पार झाल्या, चौदा मागे राहिल्या, हत्ती साडीच्या मधोमध. कुठं तरी वाचल्यासारखी ही स्थिती आहे, हे लक्षात येईतो सोयाबीन माझ्यावर तुटून पडलं होतं.

तेवढ्यात बायकोला साडी दिसली. तिनं दोन टोकं धरून उचलली. दोन्ही फौजा एकाच ढिगात.

निजाम क्रिकेटला गेला. पेशवा सूप घेऊन संध्याकाळपर्यंत तूर आणि सोयाबीन वेगळं करत बसला.