मार्करचं टोपण आधी काढावं : जगतपुऱ्यातल्या नवशिक्या सही-संग्राहकांसाठी

जयपूरच्या जगतपुऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला या छंदासाठी लागणारं सगळं जवळ आहे. सांगानेरचा विमानतळ शेजारी, सवाई मानसिंग स्टेडियम रिक्षाने गाठता येण्यासारखं, आणि भिंती मोकळ्या, कारण भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालक खिळा ठोकू देत नाही. पुढील सूचना क्रमाने वाचाव्यात. मधलीच एखादी वाचून विमानतळावर गेलात तर लेखक जबाबदार नाही.

१. दैवत ठरवणे

एकच ठरवावं. तेंडुलकर, गावसकर, धोनी असं सगळ्यांचं जमवत गेलं की संग्रह होत नाही, नुसता साठा होतो. शेजारी धोनीचा आग्रह धरतील. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्याने इथेच श्रीलंकेविरुद्ध नाबाद १८३ ठोकल्या आणि त्या दिवशी आपण स्टेडियमात नव्हतो असं कबूल करणारा जयपूरकर अजून भेटायचा आहे. मान डोलवावी, आपलं सोडू नये.

गावसकर निवडणाऱ्यांना एक खास सूचना. सगळे अहमदाबादच्या मागे लागतात, कारण ७ मार्च १९८७ ला तिथे दहा हजारावी धाव आली. जयपूरच्या संग्राहकाने त्याच मालिकेत दोन आठवडे मागे जावं. २१ फेब्रुवारीला सवाई मानसिंगवर कसोटी सुरू झाली, इम्रान खानने पहिला चेंडू टाकला आणि गावसकर तंबूत परतले. पाकिस्तानचे अध्यक्ष झिया-उल-हक सामना पाहायला आले ते दुसऱ्या दिवशी, त्यामुळे हे शून्य त्यांचंही हुकलं. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद होण्याची गावसकरांची ही तिसरी खेप. आधीच्या दोन १९७४ साली बर्मिंगहॅमला आणि १९८३ साली कलकत्त्याला. या धावफलकाच्या कात्रणावर सही मागायची छाती असेल तर वस्तू खरोखर दुर्मीळ होईल. मागताना दोन पावलं मागे उभं राहावं.

नवशिक्याने सचिनच घ्यावा. शेजारी फार ताणू लागले तर त्यांना आठवण द्यावी की १९८९ साली सचिनला पाकिस्तान दौऱ्यावर पाठवणाऱ्या निवड समितीचे अध्यक्ष राजसिंह डुंगरपूर होते, म्हणजे राजस्थानचेच. वाद मिटतो. सचिन त्यांचाही होतो, चहाही मिळतो.

२. वस्तू तयार करणे

बॅट कोरी घ्यावी. उत्साहाच्या भरात तिला जवसाचं तेल पाजू नये. तेलकट लाकडावर शाई पसरते आणि ‘तेंडुलकर’मधलं फक्त टिंब वाचता येतं. पुढच्या बाजूला पारदर्शक शीट चिकटवली असेल तर ती आधी सोलावी. नाहीतर सही शीटवर होते आणि शीटबरोबरच जाते.

लाल चेंडू दिसायला रुबाबदार, पण काळी शाई त्याच्यावर दिसत नाही. चंदेरी मार्कर लागतो. पांढऱ्या चेंडूवर काळा मार्कर चालतो. मार्कर दोन असावेत, दोन्ही घरी चालवून बघितलेले. टोपण आधी काढून ठेवावं. थोर माणूस तुमच्यासमोर दोन सेकंद असतो आणि त्यातला दीड सेकंद टोपणात गेलेले संग्राहक जगभर आहेत.

वहीचं पान, बोर्डिंग पास, हॉटेलचा टिश्यू यांना हसू नये. टिश्यूवर मात्र मार्कर टेकवला की भोक पडतं.

३. गाठणे

विमानतळाबाहेर शंभर माणसं ‘सर, सर’ ओरडत असतात. तिथे मराठी माणसाने आपलं ठेवणीतलं अस्त्र काढावं आणि खणखणीत आवाजात म्हणावं, ‘सचिन, एक सही दे ना रे!’ गावसकरांच्या बाबतीत हा ‘रे’ चालत नाही. तिथे ‘सर’च. सचिनला मात्र सोळाव्या वर्षापासून अख्ख्या महाराष्ट्राने घरातला म्हणून एकेरीत हाक मारली आहे. तो वळेल. वळून हसेल. सही बाजूच्या जोधपूरच्या मुलाला देऊन गाडीत बसेल. याला यश मानावं, कारण वळला तुमच्यामुळे.

४. विकत घेणे

तीन हंगाम उभं राहून पाय दुखले की माणूस बाजाराकडे वळतो. इथे डोळे उघडे हवेत. समजा कुणी १९९२ साली सचिनने सही केलेली बॅट दाखवली आणि तिच्यावर एमआरएफचं स्टिकर आहे. नमस्कार करून निघावं. १९९६ च्या विश्वचषकात सचिन बॅटवर स्टिकर न लावता खेळला. एमआरएफ त्यानंतर आलं.

या बाबतीत अमेरिका आपल्या पुष्कळ पुढे आहे. तिथे बेसबॉलच्या सह्यांचा धंदा एवढा फोफावला की नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढली. सॅन दिएगोचा फलंदाज टोनी ग्विन याला आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या होत्या. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही निघाले. त्यांनी बॅट कधी धरली होती, हे गिऱ्हाइकांनी विचारलं नाही, कारण सोबत प्रमाणपत्र होतं.

प्रमाणपत्राबद्दल नवशिक्याने एवढंच ध्यानात ठेवावं: सही खरी आहे असं सांगणाऱ्या कागदावरही एक सहीच असते आणि ती कुणाची, हे कुणी तपासत नाही. यातून शहाणपण घेऊन अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये नवी पद्धत सुरू केली. सही होताना त्यांचा नेमलेला माणूस समोर उभा असतो, बहुधा पोलिसात नोकरी केलेला. त्याने डोळ्यांनी पाहिलं तरच वस्तूला नंबराचा होलोग्राम लागतो. म्हणजे शेवटी किंमत शाईला नाही, साक्षीदाराला आहे. जगतपुऱ्यात असा माणूस नेमणं परवडत नसेल तर सहीच्या वेळी सोसायटीतल्या एखाद्या काकूंना बरोबर न्यावं. होलोग्राम मिळणार नाही, पण बातमी संध्याकाळपर्यंत महल रोडच्या दोन्ही टोकांना पोचेल आणि पुढची वीस वर्षं कुणी शंका घेणार नाही.

५. जपणे

मुंबईत अशा वस्तूंना बुरशी खाते, इथे ऊन खातं. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेली सही मे-जूनमध्ये पुसत जाते आणि मग पाहुण्यांना बोट दाखवून सांगावं लागतं, ‘इथे होती.’ उन्हातून उचलून वस्तू कूलरसमोर ठेवू नये. जयपूरचा कूलर खोलीत पावसाळा करतो आणि मुंबईची बुरशी राजस्थानात येते. बॅट जमिनीला टेकवून उभी करू नये, वाळवी लागते. काचेमागे, सावलीत, भिंतीवर लावावी. खिळ्याचं मालकाशी बोलून घ्यावं; तो धोनीवाला निघाला तर भाडं वाढेल.

हे सगळं नीट कसं ठेवतात ते बघायचं असेल तर गावी जाताना पुण्यात उतरावं. सहकारनगरमध्ये ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय आहे. २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन सचिननेच केलं. बघून झाल्यावर आपल्या एका चेंडूबद्दल तिथे बोलू नये.

६. काय करू नये

जगतपुऱ्यात नेमबाजीची रेंज आहे. तिथे सराव करून तयार झालेल्या अवनी लेखराने २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं. पॅरालिम्पिकचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२४ मध्ये पॅरिसला तिने ते पुन्हा जिंकलं. तिची सही मागायला जाऊ नये. तिथे रेटारेटी नाही, बॅरिकेड नाही, जोधपूरचा मुलगा नाही. जगज्जेती आपल्याच पेठेतली असली की सही कष्टाची वाटत नाही आणि काकूंना सांगायला काही उरत नाही.

तरीही राहवलंच नाही, तर सरावाचं कागदी टार्गेट पुढे करावं. भोकं आधीच पडलेली असतात, त्यामुळे वाळवीची चिंता नाही.