घडी मोडताना

शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की वाटतं, कुलाबा किल्ला घ्यायला पुन्हा कुणीतरी फौज धाडली आहे. भाऊच्या धक्क्यावरून आलेली रो-रो लागते, तिचा जबडा उघडतो आणि पोटातून एकामागून एक मोटरसायकलवरचे काळे स्वार बाहेर पडतात. कोपर-गुडघ्यांवर ढाली, पोटरीपर्यंत बूट, पाठीवर कासवासारखा फुगवटा. 2020 च्या मार्चमध्ये ही बोट सुरू झाली, तेव्हापासून ही मोहीम दर आठवड्याला निघते आणि पहिल्याच वडापावच्या गाडीपाशी तह करते.

त्यांच्या शेजारून आमचा गाववाला स्कूटरवरून जातो. मागे बायको एका अंगाने बसलेली, मांडीवर कोळंबीची पाटी. पाऊस असेल तर तिच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. याचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं. आमच्या तालुक्यात मेंदू नेमका कुठे असतो, याबद्दल एकमत नाही.

या दोन टोकांच्या मधोमध मी पन्नाशीपर्यंत सुखाने जगत होतो. मग पुण्याहून भाचा आला. माझा रेनकोट त्याने दोन बोटांत धरून उचलला, जाळ्यात आलेला मेलेला साप उचलावा तसा. "मामा, रोज मोटरसायकलवरून अलिबाग ते वडखळ जाता ना? हा रस्ता आहे. गंमत नाही."

रस्ता आहे, ही माहिती मला नवीन होती. वडखळला तो ज्या मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, त्याच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला. तेव्हा हा भाचा शाळेत होता. आता तो मला रस्ता समजावून सांगतो.

दुकानात गेलो. जॅकेट घालून आरशासमोर उभा राहिलो तर बाह्या बोटांपर्यंत. "मोठं होतंय," म्हटलं. दुकानदाराने मला एका जुन्या मोटरसायकलवर बसवलं, हात हँडलला लावायला सांगितले. बाह्या मनगटावर आल्या आणि कोपराची ढाल कोपरावर बसली. हे कपडे उभ्याने बघायचेच नसतात. उभ्याने छान दिसणाऱ्या पॅन्टची ढाल बसल्यावर मांडीकडे सरकते आणि गुडघा बिचारा उघडाच राहतो. सैल घेतलं तर पडल्यावर ढाल फिरते. घट्ट घेतलं तर जेवल्यावर कळतं.

जॅकेट आणि पॅन्ट दोन्ही घेतली. ढालीवर युरोपातला शिक्का होता. पहिली पातळी, दुसरी पातळी. चाचणी अशी, की 5 किलोचा ठोकळा साधारण 1 मीटरवरून ढालीवर टाकायचा आणि खाली किती दणका पोचतो ते मोजायचं. दुसऱ्या पातळीच्या ढालीखाली तो कमी पोचतो. मी घरी येऊन हिशोब केला. सव्वा किलोचा असोला नारळ 4 मीटरवरून पडला तरी फटका तेवढाच. आणि नागाव, चौल, रेवदंडा या रस्त्याला 4 मीटरवर नारळ लागलेला माड मला तरी ठाऊक नाही. ते आणखी बरेच वर असतात. म्हणजे युरोपातल्या शास्त्रज्ञांनी आमच्या वाड्या बघितलेल्या नाहीत.

आपला कायदा मात्र फक्त डोक्यापुरता बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 129: हेल्मेट हवं आणि पट्टा लावलेला हवा. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. मानेखालचा माणूस ज्याचा त्याने सांभाळायचा.

खरी मौज त्या 'सर्व ऋतूंसाठी' या लेबलाची. जॅकेटला तीन थर होते. बाहेर जाळी, आत पाऊस अडवणारं अस्तर, त्याच्या आत थंडीचं अस्तर. थंडीचं मी त्याच दिवशी माळ्यावर टाकलं. आमच्याकडे ज्याला थंडी म्हणतात ती माकडटोपीत मावते. पावसाचं अस्तर म्हणे श्वास घेतं. घेतं, पण त्याला अट आहे. अंगाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत पोयनाडला हवा अशी असते, की ती पिळून बादली भरावी. त्यामुळे ते अस्तर श्वास रोखून बसतं. बाहेरून पाऊस येत नाही, हे खरं. आतून मीच येतो. शिवाय अस्तर आतल्या बाजूला, म्हणून बाहेरची जाळी चिंब. जॅकेट भिजलेल्या गोधडीएवढं जड होतं आणि कार्ले खिंडीत वारा लागला की जुलैत दात वाजतात. शेवटी सगळ्यावरून माझा जुना रेनकोट चढवला. भाच्याला कळवलं नाही.

माझ्या आजोबांकडे इरलं होतं. बांबूच्या कामट्या आणि पानं. लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर ते नुसतं टेकायचं, अंगाला चिकटायचं नाही, त्यामुळे खालून वारा खेळायचा. श्वास घेणारं कापड, किंमत एक दुपार. ते घालून मोटरसायकलवर बसता येत नाही, एवढाच काय तो दोष.

नवं जॅकेट अंगवळणी पाडायला रोज तासभर घालून बसावं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. बसलो. सोफ्याच्या हातावर, दोन्ही हात पुढे करून, मालिका बघत. "अहो, निदान गवार तरी निवडा," बायको म्हणाली. हातमोज्यांसकट गवार निवडता येत नाही, हे तिलाही पटलं. कोल्हापुरी चप्पल चावते म्हणून तिला तेल पाजतात, तसं मी बुटांना तेल पाजलं. श्रावणात त्यांच्यावर हिरवी लव आली. खाऱ्या हवेने जॅकेटची चेन अडकली, तिच्यावर मेणबत्ती घासली. मग पागोळ्यांखाली दहा मिनिटं उभा राहिलो. पाणी कुठून शिरतं ते कळलं: गळ्यातून आणि हातमोज्यांतून. मोजा बाहीवर चढवला तर बाहीचं पाणी मोज्यात, बाहीखाली घातला तर खालून उडालेलं पाणी बाहीत. सीटवर साचलेलं पाणी कुठे जातं ते मी लिहीत नाही. ज्याने पावसात गाडी चालवली आहे त्याला माहीत आहे.

शेजारचे काका कुंपणापाशी उभे होते. "यो काय घातलास रं? बर्फाचे फॅक्टरीन कामाला लागलास का?"

त्यांचं म्हणणं मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता, ऊन होतं. पॅन्ट घडी करून कपाटात ठेवली आणि फक्त जॅकेट नि हेल्मेट घालून निघालो. कार्ले खिंडीच्या अलीकडच्या वळणावर खडी पसरली होती. वेग वीसच्या आसपास. पुढचं चाक सरकलं, भात पाखडताना सुपाचा येतो तसा आवाज आला आणि मी आडवा झालो. वीसच्या वेगाने पडणं म्हणजे पडण्याला लागतो तेवढाही वेळ नाही. उठून बघतो तर उजव्या बाहीचा कोपराजवळचा वरचा थर घासून पांढरा झालेला, जाळीत खडीचे तीन खडे रुतलेले. आत कोपर सकाळी निघाला होता तसाच. हेल्मेटवर वीतभर ओरखडा. आणि साध्या पॅन्टमधला गुडघा मात्र नारळ फोडल्यासारखा उघडा.

तिघे धावत आले. पहिल्याने गाडी उचलली. दुसऱ्याने मला उचललं. तिसऱ्याने बाही चाचपून विचारलं, "केवढ्याला?"

दवाखान्यात पाच टाके पडले. संध्याकाळी काका बघायला आले, खुंटीवरचं जॅकेट उलटसुलट केलं, पांढऱ्या कोपरावर नख घासून पाहिलं. काही बोलले नाहीत. जाताना दारातून वळून म्हणाले, "आमचे पोराला पन मिळंल काय रं असा?"

पावसात कोरडं ठेवेल असं काही शोधत असाल तर कोकणात उन्हाळ्यापर्यंत थांबा. मी मला कोरडं ठेवणारं जॅकेट शोधत होतो, आणि दुकानदार मला पडण्याचं विकत होता. ते त्याने सांगितलं नाही की मी ऐकलं नाही, यावर घरात मतभेद आहेत.

दहाव्या दिवशी टाके निघाले. त्याच दिवशी पॅन्टची घडी मोडली.