कळता कामा नये

नवरदेवाची ही जात आपल्याकडे अलीकडची. आधीचा नवरदेव सलूनमध्ये जाऊन गुळगुळीत दाढी करून यायचा, वर तुरटीचा खडा आणि पावडरीचा सढळ हात. मंगलाष्टकं होईस्तोवर ती पावडर मानेच्या घड्यांत जाऊन बसायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आताच्या नवरदेवाला मेकअप हवा असतो, फक्त तो कळता कामा नये.

आमचा भाचा या जातीचा. लग्नाच्या महिनाभर आधी त्याने मला गच्चीत नेलं. मला वाटलं, पैसेबिसे हवेत. "मामा, आईला बोलू नकोस. मी मेकअपवाला ठरवलाय." लगेच सारवासारव, "म्हणजे तसा मेकअप नाही रे. नॅचरल." दर विचारला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली गेला. तेवढ्या पैशांत एक पंगत उठली असती.

लग्नाच्या दिवशी वरपक्षाच्या खोलीच्या दाराशी पहारेकरी म्हणून मी. मेकअपवाला शांत मुलगा, कमरेला ब्रशांचा पट्टा. पहिलीच अडचण हळदीची. आदल्या दिवशी आत्या-मावश्यांनी हात राखला नव्हता. दाढीच्या मुळांपर्यंत पिवळं. रंगाची शेड म्हणे जबड्याच्या कडेला लावून मानेशी जुळवायची असते. अठ्ठावीस गुण जुळलेल्या मुलाचा जबडा आणि मान जुळेना! शेवटी दोन शेड कालवल्या.

मग डोळ्यांखाली चक्क नारिंगी रंग. मी दचकलो. "काका, निळसर काळ्यावर नारिंगीच लागतं. त्याच्यावर कातडीचा रंग," तो म्हणाला. भाचा तीन वर्षं अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करतोय. त्या सगळ्या रात्री बोटभर जागेत साठलेल्या. दोन टिपक्यांत गेल्या. सनस्क्रीन मात्र मेकअपवाल्याने पुसायला लावलं. जास्त झालं तर फ्लॅशमध्ये तोंड पांढरंफटक उमटतं, असं त्याचं म्हणणं.

भाच्याचं दर पाच मिनिटांनी, "मामा, दिसतंय?"

"नाही."

"काहीच नाही?" चेहरा उतरला. "एवढे पैसे देऊन?"

"बरं, दिसतंय थोडं."

"दिसतंय?" तो खुर्चीतून उठलाच.

बाहेरून काकांनी दार ठोठावलं. मी म्हटलं, देवाला नमस्कार करतोय. "पाऊण तास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुलदैवतही आहे.

मला यातली चोरीच समजत नाही. अंगाला हळद, कपाळावर मुंडावळ्या, डोक्याला फेटा, दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचं बोट, एवढं सगळं लेऊन माणूस चारशे लोकांसमोर जाणार आणि लाजणार कशाला, तर नखाएवढ्या क्रीमला. १९११च्या 'मानापमान' नाटकात बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले, त्यांच्या लुगड्याची ढब बायकांनी उचलली. त्यांना कुणी "नॅचरल करा हो" म्हटल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी ओठांना बिनरंगाचा बाम, भुवयांवर छोटा ब्रश, फवारा, आणि काम संपलं. मेकअपवाल्याने सामान आवरता आवरता माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, बसा ना, दोनच मिनिटं." पुढचं इथे सांगायचं कारण नाही.

बोहल्यावर मी भाच्याच्या पाठीमागे. बारा सव्वीसचा मुहूर्त, वर व्हिडिओवाल्याचे दिवे, आणि एका मावशीला मंगलाष्टक म्हणायची हौस. तिची चार कडवी झाली तरी सावधान येईना. भाच्याच्या कानामागून घामाचा एक थेंब निघाला आणि शेरवानीच्या कॉलरकडे सरकू लागला. मी खिशातला टिपकागद काढून हळूच टेकवला. लोकांना वाटलं, मामाचे डोळे भरून आले.

अंतरपाट दूर झाला. मुलीचा मेकअप पहाटे पाचपासून चालला होता आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. हार घालायला ती पुढे झाली, क्षणभर त्याच्या जबड्याच्या कडेकडे पाहिलं आणि पुटपुटली, "दोन शेड मिक्स केल्या ना?"

भाचा काय म्हणाला ते वाजंत्रीत बुडालं. मी नजर चुकवायला समोर पाहिलं. तिच्या पाठीमागे तिचा मामा उभा होता. पन्नाशीचा माणूस, एवढ्या उकाड्यात कपाळ कोरडं ठाक, डोळ्यांखाली एक रेघ नाही. तोही माझ्याकडेच पाहत होता, नेमका डोळ्यांखाली.