न्यूयॉर्कला जायचंय? आधी मागे जा!

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं गिलमन हे गाव पेओरियापेक्षा न्यूयॉर्कला ८६ मैलांनी जवळ. वाबॅश रेल्वेच्या लेखी हा गिलमनकरांचा गुन्हाच असावा. पेओरियाहून न्यूयॉर्कला गेलेल्या २६,००० पौंड मालाचं भाडं तिने ३९ डॉलर घेतलं. तेवढ्याच मालाला गिलमनकरांकडून ६५!

कमी अंतराला जास्त भाडं घेणाऱ्याला दंड, असा कायदा इलिनॉयने केला होता. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हात धरला. माल राज्याबाहेर चाललाय, तेव्हा त्याच्या भाड्यात लक्ष घालायचा अधिकार अमेरिकी काँग्रेसचा; आपल्या हद्दीतल्या टप्प्यापुरतंही तुम्ही बोलायचं नाही. काँग्रेसने तोवर कायदाच केला नव्हता, ही किरकोळ बाब. नऊपैकी तिघा न्यायमूर्तींनी वेगळं मत दिलं. पण तिघांचं कोण ऐकतो?

१८८७ मध्ये काँग्रेसने कायदा करून रेल्वेवर देखरेखीसाठी पाच जणांचा आंतरराज्य वाणिज्य आयोग नेमला. आता कंपन्यांची पाचावर धारण बसणार म्हणून शेतकरी खूश. रेल्वेवाल्यांचे वकील रिचर्ड ऑल्नी त्यांच्याहून हुशार. १८९२ मध्ये त्यांनी एका रेल्वे अध्यक्षाला सल्ला दिला की आयोग मोडू नका, वापरून घ्या. लोकांची ओरड थांबते आणि देखरेख नावापुरतीच राहते. पुढच्याच वर्षी ऑल्नी देशाचे ॲटर्नी जनरल झाले. गुणांची कदर व्हायलाच हवी.

खरी बहार टेक्सासात. तिथला कायदा सांगे, बिल्टीवर लिहिलंय तेवढंच भाडं घ्या. जास्त मागून माल अडवलात तर रोज दंड. केंद्राचा कायदा सांगे, जाहीर दरपत्रकापेक्षा कमी घेतलंत तर गुन्हा. सेंट लुईसहून आलेल्या फर्निचरच्या बिल्टीवर दर कमी, दरपत्रकात जास्त. १८९५ मध्ये न्यायालयाने टेक्सासचा दंड उडवला: आंतरराज्य मालाला तो लागू नाही. बिल्टी फाडली कोणी? रेल्वेनेच.

पुढे १९०६ मध्ये टेक्सासातलाच एक कोळसा व्यापारी न्यायालयापुढे आला. रेल्वेच्या माणसाने सांगितलेलं भाडं धरून त्याने कोळसा विकूनही टाकला होता. ठरलं असं की दरपत्रकाप्रमाणे उरलेले पैसे त्यानेच भरायचे. बरोबरच आहे. दर ठरवणार रेल्वे, छापणार रेल्वे, चुकीचे सांगणार रेल्वेचा माणूस. गिऱ्हाइकाने निदान वाचायचे कष्ट तरी घ्यावेत!