भेगाशास्त्री

आमच्या सोसायटीत कुणाच्या भिंतीला तडा गेला की घरातले हळहळतात आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका खुलतात. खिशातलं भिंग काढून ते आधी तड्याचं टोक शोधतात. "मधलं सोडा हो, ते होऊन गेलं. टोक बघा, टोक!" मग टोकाशी पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. पट्टी फुटली तर तडा हलतोय, शाबूत राहिली तर झोपलाय. पट्टी फुटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येतो तो आनंद मुलगी बारावीला बोर्डात आली तेव्हाही आला नव्हता, असं काकू सांगतात.

काका इंजिनिअरिंग कॉलेजात फ्रॅक्चर मेकॅनिक्स शिकवायचे. हे कळल्यावर सुरुवातीला दोघा-तिघांनी त्यांना आपले गुडघे दाखवले होते.

त्यांचं कुलदैवत ग्रिफिथ. काच हिशेबाने असायला हवी तितकी मजबूत का नसते, याचा छडा या इंग्रजाने 1920 साली लावला. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा आधीपासूनच असतात. चीर वाढली की ताणात साठलेली ऊर्जा सुटते, पण नवा पृष्ठभाग उघडायला ऊर्जा खर्चही होते. जमा खर्चाला पुरून उरली की चीर थांबत नाही. चीर चौपट लांब असली की निम्म्या ताणातच कारभार आटोपतो. हे सगळं काका लग्नाच्या पंगतीत सांगतात, वाढपी जिलबी घेऊन ताटकळत असताना.

विमानात त्यांच्या शेजारी बसू नये. टेक-ऑफच्या आतच ते 1954 साली हवेत फुटलेली दोन कॉमेट विमानं काढतात. मग फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, दाब पुन्हा पुन्हा चढवून-उतरवून कसं फोडलं, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यापाशी ताण कसा एकवटतो, हे हातवारे करून दाखवतात. शेजारचा तोवर हवाईसुंदरीकडे दुसरी सीट मागत असतो.

तडा थांबवण्याचा एक खरा उपाय आहे: टोकाशी गोल भोक पाडायचं. टोकाची धार जाते, ताण पसरतो. काकांनी तो बाथरूमच्या बादलीवर केला. चीर तिथेच थांबली, हे मान्य करायलाच हवं. पाणी भोकातून जायला लागलं. काकूंनी त्या बादलीत आता कढीपत्ता लावलाय.

खरी मजा कॉम्प्युटरवर. तडा कुठे जाईल ते पाहायला काका तिथे हॉलच्या भिंतीचं मॉडेल करतात, छोट्या चौकटींची जाळी विणून. जुन्या पद्धतीत तडा जाळीच्या कडेकडेनेच जायचा, म्हणजे जाळी बदलली की तड्याची वाटही बदलायची. 1999 च्या सुमारास चौकटीच्या पोटातूनही तडा नेणारी पद्धत निघाली आणि काकांची झोप उडाली. रात्रभर पंखा घुरघुरतो. एकदा सकाळी मॉडेलमधला तडा खिडकीच्या कोपऱ्यातून उजवीकडे गेला होता, भिंतीवरचा डावीकडे. काकांनी दोन्हीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बिल्डरने काम निकृष्ट केलंय."

यावरचे त्यांचे पेपर न छापताच परत येतात. तेव्हा ते पॅरिसचं उदाहरण देतात. शहर नव्हे, माणूस. पुन्हा पुन्हा ताण पडल्यावर दर फेऱ्याला तडा किती वाढतो, याचं गणित त्याने मांडलं तेव्हा तीन मान्यवर नियतकालिकांनी ते नाकारलं, आणि 1961 साली ते एका विद्यापीठाच्या साध्या पत्रिकेत छापून आलं. आज विमानांच्या तपासण्या कधी करायच्या, ते त्यावर ठरतं. "आपण रांगेत आहोत," काका म्हणतात.

दिवाळीआधी काकूंनी रंगारी बोलावला. त्याने लांबी भरायला पत्रा उचलला मात्र, काका आडवे. "पुरावा नष्ट करताय!" भिंतीवर आजही पेन्सिलीच्या तारखा आहेत, पाहुण्यांना वाटतं दूधवाल्याचा हिशेब.

मात्र पार्किंगमधल्या कॉलमवर उभी चीर दिसली, तेव्हा काकांनी ना भिंग काढलं, ना पेन्सिल. चिरेच्या कडेने तांबूस डाग होता. आतली सळई गंजून फुगली की काँक्रीट असं आतून फाटतं. काका तडक सेक्रेटरीकडे गेले. टेकू लागले, स्ट्रक्चरल ऑडिट झालं, कॉलम दुरुस्त झाला. कमिटीच्या मीटिंगमध्ये ते पहिल्यांदाच दोन वाक्यांत थांबले.

तुमच्या घरी तडा गेला तर काकांना जरूर बोलवा. रंगारी मात्र त्यांना न सांगता बोलवा.