चतुरांच्या देवघेवीचे शास्त्रोक्त नियम

चतुर हा कीटक जमवू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम पोटापाण्याचा भक्कम उद्योग शोधावा. या छंदातले थोर लोक चतुरांवर जगले नाहीत. बेल्जियमचे सेलिस-लाँगशाँ हे सरदार घराण्यातले. तिथल्या सिनेटचे अध्यक्षपद सांभाळून त्यांनी जगभरच्या चतुरांचे बारसे केले. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लफ्टन गावी विल्यमसन बँकेत बसत. भारतातल्या चतुरांवर तीन खंड (१९३३ ते १९३६) लिहिणारे फ्रेझर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. राजकारण, सावकारी, वैद्यकी यांतले काहीच जमत नसेल, तर फुलपाखरांकडे वळावे. त्यांना निदान गिऱ्हाईक असते.

चतुराला ते फारसे नसते, कारण त्याचा रंग. फुलपाखराचा रंग पंखांवरच्या कोरड्या खवल्यांत असतो, म्हणून वर्षानुवर्षे टिकतो. चतुराचा बराचसा रंग कातडीखाली असतो आणि जिवाबरोबर तोही जातो. ज्या हिरव्यागार डोळ्यांसाठी गुडघाभर चिखल तुडवला, ते दुसऱ्या दिवशी मळकट तपकिरी.

पकडण्याविषयी. चतुराचा एकेक डोळा हजारो इवल्या भिंगांचा असतो, त्यामुळे जाळी उगारून समोरून धावणाऱ्या गृहस्थाला तो सहज चुकवतो. नर पाण्यावर ठरलेल्या पट्ट्यात गस्त घालतो. तो पुढे सरकला की मागून, किंचित खालून जाळी फिरवावी आणि त्याच झटक्यात मनगट वळवून जाळीचे तोंड बंद करावे. हुकल्यास तिथेच उभे राहावे. तो बहुधा परत येतो, संग्राहकाची पत ओळखूनच.

सापडलेला चतुर पंख पाठीवर मिटवून कागदी पाकिटात रात्रभर जिवंत ठेवावा. पोटातले डास पचून बाहेर पडले नाहीत तर आत कुजतात आणि अंग काळे पडते. म्हणजे आधी निर्जळी उपास, मग देहदंड. दंड अॅसिटोनचा. नेलपॉलिश काढतात तेच, पण शुद्ध. कपाटातल्या सुगंधी बाटलीने भागत नाही. टाचणी या सडपातळ भाऊबंदाला काही तास पुरतात, चतुराला दिवसभर बुडवावे. अॅसिटोन अंगातले पाणी आणि चरबी ओढून घेते, म्हणून रंग बऱ्यापैकी राहतो. डोळ्यांचा राहत नाही तो नाहीच. शिवाय काही जातींच्या अंगावर निळसर मेणचट भुकटी असते, ती यात धुऊन जाते. बाटलीशेजारी उदबत्ती लावू नये, वाफ भडकते.

यानंतर देह इतका ठिसूळ होतो की शिंक आवरावी. जात ओळखायला नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे भिंगाखाली पाहावे लागतात, आणि मोडते ती नेमकी शेपटीच. पूर्वीचे लोक आधाराला गवताची काडी आरपार घालत. आता पारदर्शक पाकीट, आत तीन बाय पाच इंचांचे कार्ड. तुटलेले टोक त्याच पाकिटात टाकावे.

खरा माल ते कार्ड. कोणते तळे, कोणती तारीख, कोणी पकडला, एवढे लिहिलेले असेल तर चार तुकड्यांचा चतुरही संग्रहालय घेते. कार्ड नसेल तर अखंड, दुर्मीळ चतुर म्हणजे नुसता मेलेला किडा.

देवघेवीत पैसा कमी, अदलाबदल जास्त. माद्या जोडी जमवण्यापुरत्या आणि अंडी घालण्यापुरत्याच पाण्यावर येतात, म्हणून त्यांचा भाव चढा. ‘पँटाला फ्लेव्हेसेन्स’ मात्र कोणाला देऊ करू नये. पावसाळा सरताना महाराष्ट्रातल्या माळांवर थव्याने घिरट्या घालणारा हा चतुर अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे. तो अमेरिकेला पाठवणे म्हणजे कोकणात नारळ विकायला नेणे.

कायद्याची पाने कंटाळवाणी असली तरी तुरुंगापेक्षा बरी. हाइन्स एमराल्ड हा चतुर अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत १९९५ पासून आहे. जपानच्या ‘बेक्को-तोंबो’ची देवघेव १९९४ पासून बंद आहे. अमेरिकेत नमुने आणताना ३-१७७ क्रमांकाचा अर्ज भरावा, मेलेल्या चतुरासाठीसुद्धा. परदेशी पाहुण्याला भारतातून काही न्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी हवी. २००८ साली सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात किडे गोळा करणारे दोन चेक कीटकशास्त्रज्ञ पकडले गेले आणि दार्जिलिंगच्या न्यायालयात दोषी ठरले.

ज्याला हत्या नको, त्याने कात जमवावी. चतुराचे पिल्लू पाण्यातून लव्हाळ्यावर चढते, पाठ उलते, चतुर उडून जातो आणि कात तिथेच चिकटून राहते. जाळी नको, अॅसिटोन नको. शिवाय ही जात याच तळ्यात वाढली, याचा तो पक्का पुरावा. उडता चतुर काय, कुठूनही येतो. त्यामुळे अभ्यासकांना कातीचे मोल मोठे. घरच्यांना ते पटत नाही. डबीवर तळे आणि तारीख लिहून झाली की खाली ठळक अक्षरांत लिहावे : ‘कचरा नाही, टाकू नये.’